दिव्यांग कर्मचारी आणि कामाची जागा : काय मागायचं, काय द्यायचं

दिव्यांग व्यक्तींच्या नोकरीबद्दल वाचकांकडून जे प्रश्न येतात, त्यांत दोन हमखास असतात. छोटा कारखाना, दुकान किंवा ऑफिस चालवणारे विचारतात, ‘माणूस घ्यायची तयारी आहे, पण आम्हाला नेमकं काय काय करावं लागेल? खर्च किती येईल?’ नोकरी शोधणारे किंवा नोकरीत असलेले विचारतात, ‘आम्ही सोय मागितली तर तो आमचा हक्क की साहेबांची मर्जी?’

दोन्ही उत्तरं इथे एकत्र देत आहोत, कारण एका बाजूला माहिती असते आणि दुसरीला नसते तेव्हाच घोळ होतो. मालक मनातल्या मनात ठरवून टाकतो की याला हे जमणार नाही. कर्मचारी मनातल्या मनात ठरवतो की काही मागितलं तर नोकरी जाईल. दोघंही गप्प बसतात आणि सहा महिन्यांत ‘जमलं नाही’ असा शेरा मारून विषय संपतो. म्हणून पुढे जे जे सांगितलं आहे, त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल : आधी त्या व्यक्तीला विचारा, आणि जे ठरेल ते कागदावर आणा.

कायदा तुम्हाला किती लागू होतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. आधीच्या १९९५च्या कायद्यात सात प्रकारचं दिव्यांगत्व होतं, आता एकवीस प्रकार आहेत. अंधत्व, बहिरेपण, हातापायांचं दिव्यांगत्व, मानसिक आजार, कुष्ठरोगमुक्त व्यक्ती हे जुने प्रकार आहेतच. शिवाय स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, स्नायूंचा क्षय, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन्स, आम्लहल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती असे बरेच आहेत. तुमच्या ऑफिसात आधीपासून असलेल्या एखाद्या माणसाला हा कायदा लागू होत असेल आणि त्याचं त्यालाही माहीत नसेल, असं सहज घडतं.

सरकारी आणि खासगी यांत मात्र फरक आहे आणि तो नीट समजून घ्या. इथेच सर्वांत जास्त गैरसमज आहेत.

- सरकारी आस्थापना : ४ टक्के पदं राखीव. त्यांतला एकेक टक्का अंध व अल्पदृष्टी, कर्णबधिर आणि हातापायांचं दिव्यांगत्व (कुष्ठरोगमुक्त, आम्लहल्लाग्रस्त, स्नायूंचा क्षय असलेल्या व्यक्ती यातच येतात) यांच्यासाठी. उरलेला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. नोकरीत भेदभाव करायचा नाही, दिव्यांगत्वाचं कारण दाखवून बढती नाकारायची नाही, वाजवी सोय द्यायची, ही बंधनं स्पष्ट शब्दांत आहेत.
- खासगी आस्थापना : आरक्षण सक्तीचं नाही. किमान ५ टक्के दिव्यांग कर्मचारी असावेत म्हणून सरकारने प्रोत्साहन द्यावं, एवढंच कायदा म्हणतो. पण ‘आरक्षण नाही म्हणजे कायदाच लागू नाही’ हे चूक आहे. कंपनी, भागीदारी फर्म, सहकारी संस्था, ट्रस्ट, कारखाना हे सगळे कायद्याच्या व्याख्येत येतात.

खासगी मालकांनी निदान दोन गोष्टी आजच तपासाव्यात. एक, समान संधी धोरण. हे प्रत्येक आस्थापनेने जाहीर करायचं असतं आणि त्याची प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची असते. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर धोरण सविस्तर हवं : दिव्यांग व्यक्तींसाठी कोणती पदं योग्य आहेत, निवड कशी होणार, प्रशिक्षण, बदली आणि रजेबाबत काय सवलत, कोणती उपकरणं देणार, आणि हे सगळं बघणारा संपर्क अधिकारी कोण. वीसपेक्षा कमी असतील तर कोणत्या सोयी देणार एवढं लिहिलं तरी चालतं. दुसरी गोष्ट नोंदवहीची. दिव्यांग कर्मचारी कोण, काम काय, त्यांना कोणत्या सोयी दिल्या, याची नोंद ठेवायची असते.

धोरण कुणाच्या तरी संकेतस्थळावरून उतरवून घेऊ नका. त्यात ब्रेल लिफ्टचा उल्लेख असतो आणि तुमच्या गाळ्याला लिफ्टच नसते. दोन पानांचंच असू दे, पण खरं लिहा.

प्रमाणपत्र, ४० टक्के आणि एक मोठा गैरसमज

आरक्षण आणि बहुतेक सरकारी योजनांसाठी ४० टक्के किंवा त्याहून जास्त, म्हणजे ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ असल्याचं प्रमाणपत्र लागतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी शासकीय रुग्णालयात होते आणि वैश्विक ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी कार्ड मिळतं. आधी मिळालेलं जुनं कागदी प्रमाणपत्र असेल तर ते पोर्टलवर आणून घ्या. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावरची मुदत बघा. भरती चालू असताना मुदत संपली आणि उमेदवारी गेली, असं होऊ देऊ नका.

आता गैरसमज. ‘तुमचं ३० टक्केच आहे, तुम्हाला काही मिळणार नाही’ हे वाक्य खूप जणांनी ऐकलं असेल. आरक्षणापुरतं ते खरं आहे, सोयींच्या बाबतीत खरं नाही. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला नागरी सेवा परीक्षेत लेखनिक नाकारला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात सांगितलं की ४० टक्क्यांची अट जिथे कायद्याने घातली आहे तिथेच लागेल. वाजवी सोय मिळण्याचा हक्क प्रत्येक दिव्यांग व्यक्तीला आहे. अर्ज करताना या निकालाचा उल्लेख जरूर करा. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग, असं त्याचं नाव आहे.

बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीला आल्यापासून पडताळणी कडक झाली आहे. खोटं प्रमाणपत्र वापरून लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ज्यांचं प्रमाणपत्र खरं आहे त्यांनी पडताळणीला बोलावलं तर घाबरू नये. मात्र पडताळणी चालू आहे म्हणून पगार किंवा सोय थांबवली गेली, तर त्याचं कारण लेखी मागून घ्यावं.

दिव्यांगत्व सांगावं की लपवावं?

डोळ्यांना दिसणारं दिव्यांगत्व असेल तर हा प्रश्न येत नाही. पण कमी ऐकू येणं, अल्पदृष्टी, अपस्मार, मानसिक आजार, वाचन-लेखनाची अडचण, सिकलसेल असं काही असेल तर रात्रीची झोप उडवणारा प्रश्न हाच असतो.

खासगी नोकरीत सगळंच सांगायची सक्ती नाही. पण सोय हवी असेल तर सोयीपुरतं सांगावं लागेल. ‘मला स्किझोफ्रेनिया आहे’ हे सांगणं वेगळं आणि ‘माझ्या औषधांमुळे मला रात्रपाळी झेपत नाही, डॉक्टरांचं पत्र जोडलं आहे’ हे वेगळं. दुसरं वाक्य बहुतेक वेळा पुरतं. मानसिक आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ देतो. डॉक्टर तुमच्या परवानगीशिवाय ती कंपनीला देऊ शकत नाहीत.

कधी सांगावं? आमचं मत असं :

- परीक्षा किंवा मुलाखतीलाच सोय लागणार असेल (लेखनिक, जादा वेळ, दुभाषा, तळमजल्यावर मुलाखत) तर अर्जातच सांगा.
- कामातच सोय लागणार असेल तर नेमणुकीचं पत्र हातात पडल्यावर, रुजू व्हायच्या आधी सांगा.
- सुरक्षिततेचा प्रश्न असेल, म्हणजे अपस्मार आहे आणि काम उंचावर किंवा फिरत्या यंत्रावर आहे, तर लपवू नका. इथे तुमचाच जीव पणाला लागतो.
- अर्जात ‘दिव्यांगत्व आहे का’ असा थेट रकाना असेल तर खोटं लिहू नका. नंतर काढून टाकायला तेच कारण मिळतं.

मालकांसाठीही एक गोष्ट. कुणी विश्वासाने सांगितलं तर ते तुमच्यापाशी राहू द्या. कॅन्टीनमध्ये त्याची चर्चा झाली की पुढचा कर्मचारी तुम्हाला कधीच काही सांगणार नाही. मानसिक आजार असलेल्या कर्मचाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई करण्याआधी थांबा. त्या वागण्यामागे आजार हे एक कारण असेल तर कारवाई भेदभाव ठरू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात २०२१ मध्ये म्हटलं आहे.

मुलाखत घेणाऱ्यांनो, हे विचारा आणि हे विचारू नका

‘हे काम याला जमणार नाही’ हा निर्णय फार घाईने घेतला जातो. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील नागरी सेवा परीक्षा उत्तीर्ण झाल्या, तेव्हा दृष्टी नसल्याच्या कारणावरून रेल्वेच्या लेखा सेवेने त्यांना घेतलं नाही. त्या पुन्हा परीक्षेला बसल्या आणि आयएएस झाल्या. दृष्टिहीन व्यक्तींना न्यायाधीशपदापासून केवळ दृष्टीच्या कारणावरून दूर ठेवता येणार नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये स्पष्ट केलं. तुमच्या ऑफिसातलं काम न्यायनिवाड्यापेक्षा अवघड असेल का, याचा विचार करा.

विचारू नये असे प्रश्न :

- हे जन्मापासून आहे की नंतर झालं? लग्न झालंय का? घरी कोण बघतं?
- ऑफिसला येणार-जाणार कसे? (‘कामाची वेळ साडेनऊ आहे, तुम्हाला ती सोयीची आहे का?’ असं विचारा.)
- तुम्हाला हे जमेल का हो?

शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण तो माणसाला बचावात्मक पवित्र्यात ढकलतो. त्याऐवजी काम सांगा आणि पद्धत विचारा : ‘रोज साठेक बिलं संगणकावर चढवायची असतात. तुम्ही ते कसं कराल? त्यासाठी आमच्याकडून काय लागेल?’ उमेदवार तुम्हाला स्वतःहून सांगेल, आणि बहुधा तुम्ही कल्पना केली होती त्यापेक्षा कमीच मागेल.

कर्णबधिर उमेदवार असेल तर त्याच्याकडे बघून बोला, दुभाष्याकडे नको. दृष्टिहीन उमेदवाराचा दंड धरून ओढत नेऊ नका, तुमचा कोपर पुढे करा. व्हीलचेअर ढकलण्याआधी विचारा.

सोय मागायची कशी, द्यायची कशी

हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून थोडं सविस्तर.

वाजवी सोय म्हणजे त्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने काम करता यावं म्हणून केलेला आवश्यक बदल. मालकावर झेपणार नाही इतका बोजा पडत असेल तर कायदा आग्रह धरत नाही. पण ‘झेपणार नाही’ हे नुसतं म्हणून भागत नाही, का झेपणार नाही हे सांगावं लागतं. आणि अगदी महत्त्वाचं : या सोयीचा खर्च दिव्यांग कर्मचाऱ्याकडून, पूर्ण किंवा थोडासुद्धा, सक्तीने घेता येत नाही. केंद्राच्या २०१७च्या नियमांत हे स्पष्ट आहे. ‘सॉफ्टवेअर तुम्हीच आणा’ किंवा ‘रॅम्पचा खर्च निम्मा निम्मा करू’ असं कुणी म्हणालं तर हा नियम दाखवा.

पुष्कळ सोयींना खर्चच नसतो. एक उदाहरण जवळून बघू. पतसंस्थेत किंवा नगरपालिकेत एखादी दृष्टिहीन लिपिक रुजू होते. तिला स्क्रीन रीडर येतो. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, तो मराठीही वाचतो. संगणकावर तो बसवला जातो, सगळे खूश होतात. पहिली फाइल उघडते आणि कानात भलतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं ऐकू येतात. कारण ऑफिसातली सगळी जुनी पत्रं श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. डोळ्यांना ती मराठी दिसतात, संगणकाच्या लेखी ती मराठी नसतातच. चार दिवसांत तिच्याबद्दल ‘संगणक येत नाही’ असा बोभाटा होतो आणि तिला टपाल फोडायला बसवतात. उपाय काय? ऑफिसने नवं टायपिंग युनिकोडमध्ये करायचं आणि लागतील त्या जुन्या फाइली परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणायच्या. खर्च शून्य. शिवाय फाइलींमध्ये शोध घेता येऊ लागतो, त्याचा फायदा सगळ्यांनाच. आदेशांची स्कॅन केलेली छायाचित्रं पाठवण्याऐवजी टाइप केलेला मजकूर पाठवला तर उरलेली अडचणही सुटते.

इतर सोयींची यादी पूर्ण नाही, पण सुरुवात करायला उपयोगी पडेल :

- व्हीलचेअर किंवा कुबड्या वापरणाऱ्यांसाठी : रॅम्पचा उतार एकास बारा हवा. म्हणजे पायरी सहा इंच उंच असेल तर रॅम्प सहा फूट लांब. दुकानाच्या पायरीवर टेकवलेली दोन फुटी फळी हा रॅम्प नव्हे, ती अपघाताची तयारी आहे. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर ठेवा. जागाच नसेल तर त्यांचं टेबल तळमजल्यावर आणा आणि बैठकाही तिथेच घ्या.
- स्वच्छतागृह : याचं कुणी बोलत नाही, विशेषतः बायका बोलत नाहीत, आणि दिवसभर पाणी न पिता काढतात. दार बाहेर उघडणारं, आत वळायला जागा, भिंतीला आधाराची दांडी. जिथे असं स्वच्छतागृह बांधलेलं असतं तिथे बऱ्याचदा झाडू, बादल्या आणि जुने गठ्ठे भरलेले असतात आणि किल्ली शिपायाकडे असते. आज जाऊन बघा.
- कर्णबधिर कर्मचारी : सूचना तोंडी न देता लिहून किंवा करून दाखवून द्या. मात्र प्रत्येकाला लिखित मराठी सराईत असेलच असं धरू नका. पुष्कळांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते. टीममधल्या दोघातिघांनी रोजच्या कामाच्या खुणा शिकून घ्याव्यात. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने १०,००० शब्दांचा कोश केला आहे, तो पाहता येतो. गोदामात फोर्कलिफ्ट फिरत असेल तर हॉर्नबरोबर लुकलुकणारा दिवा लावा. आगीच्या भोंग्यालाही दिवा हवा.
- हजेरीचं यंत्र : कुष्ठरोगातून बरे झालेल्यांची किंवा हाताला दुखापत झालेल्यांची बोटं यंत्र ओळखत नाही आणि त्यांची गैरहजेरी लागते. पर्यायी हजेरी द्या. यंत्र खुर्चीवरून किंवा कमी उंचीच्या माणसालाही पोचेल असं लावा.
- बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता : काम छोट्या पायऱ्यांत तोडा, चित्रांचा तक्ता लावा, सांगणारा माणूस एकच ठेवा. नवं काम शिकवायला जास्त दिवस द्या. एकदा बसलं की ते काम चोख होतं. कामाची जागा आणि वेळापत्रक अचानक बदलू नका. मोठ्या आवाजाचा त्रास होत असेल तर कोपऱ्यातलं टेबल द्या.
- वेळ : मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांचा डबा असला तरी गर्दीच्या वेळी त्यात चढणं सोपं नाही. अर्धा-पाऊण तास पुढेमागे येण्याची मुभा ही पुष्कळांसाठी सर्वांत मोठी सोय ठरते, आणि तिला पैसे लागत नाहीत.

मागताना तोंडी मागून थांबू नका. तोंडी आधी बोला, पण त्याच दिवशी ईमेल किंवा अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात एवढं हवं :

१. तुमचं नाव, पद, रुजू झाल्याची तारीख, दिव्यांगत्वाचा प्रकार (यूडीआयडी असल्यास क्रमांक).
२. कामातला नेमका कुठला भाग अडतो. ‘त्रास होतो’ असं मोघम नको. ‘दुसऱ्या मजल्यावरच्या भांडारातून दिवसातून चार वेळा नोंदवही आणावी लागते’ असं लिहा.
३. काय सोय हवी, आणि ती जमली नाही तर दुसरा पर्याय कोणता चालेल.
४. ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार वाजवी सोय म्हणून ही विनंती करत आहे’ हे वाक्य.
५. उत्तर कधीपर्यंत हवं, ती तारीख.

तिसरा मुद्दा सोडू नका. पर्याय सुचवला की समोरच्याला ‘नाही’ म्हणणं अवघड जातं आणि चर्चा सुरू होते.

मालकांनी अर्ज आल्यावर त्या व्यक्तीला बोलवावं, तिच्याबरोबर कामाच्या जागेवर एक फेरी मारावी, ठरलेली सोय महिनाभर वापरून बघावी आणि मग पुन्हा विचारावं. पहिल्याच प्रयत्नात ती बरोबर बसेल अशी अपेक्षा ठेवू नका.

रुजू झाल्यानंतर

नोकरी देऊन पुढे काहीच न देणं हा भेदभाव सर्वांत जास्त चालतो आणि सर्वांत कमी बोलला जातो. दृष्टिहीन माणूस वर्षानुवर्षं टेलिफोनवर, व्हीलचेअरवरची मुलगी कायम आवक-जावकवर. प्रशिक्षणाची यादी लागते तेव्हा त्यांचं नाव ‘प्रवास झेपणार नाही’ म्हणून परस्पर वगळलं जातं. आपलं नाव वगळल्याचं कळलं तर त्याच आठवड्यात लेखी विचारा : मला का वगळलं, आणि माझी तयारी आहे. बढतीच्या वेळी हाच कागद कामी येतो.

मालकांनो, ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनी शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा असेल तर जरूर करा. त्या दिवशी त्यांचा पगार, बढती आणि प्रशिक्षणाच्या नोंदीही काढून बघा. बरोबरीच्या सहकाऱ्यांपेक्षा ते मागे का राहिले आहेत, याचं उत्तर तुमच्याकडे असलं पाहिजे.

पगाराच्या बाबतीत दोघांसाठी थोडी माहिती : राज्य विम्यासाठी म्हणजे ईएसआयसाठी इतर कर्मचाऱ्यांना पगाराची मर्यादा २१,००० रुपये आहे, दिव्यांग कर्मचाऱ्यांना ती २५,००० आहे. पगार २१,००० च्या वर गेला म्हणून नाव कमी केलं असेल तर परत घालून घ्या. महाराष्ट्रात व्यवसाय करातून दिव्यांगांना सूट आहे. प्रमाणपत्राची प्रत लेखा विभागाला दिली नसेल तर दरमहा तो कापला जात असेल. पगारपत्रक उघडून बघा.

नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर

एसटीचा चालक असतो, अपघातात पाय जातो. शिक्षिकेची दृष्टी मधुमेहाने जाते. घरात पहिलं वाक्य येतं, ‘आता राजीनामा द्या आणि मिळेल ते पदरात पाडून घ्या.’ थांबा.

सरकारी किंवा निमसरकारी नोकरी असेल तर कायद्याचं कलम २०(४) तुमच्या बाजूला आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून काढता येत नाही, पदावनत करता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत, त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं. तसं पद रिकामं नसेल तर पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, जे आधी येईल तोपर्यंत, अधिसंख्य पदावर ठेवावं लागतं.

म्हणून :

- राजीनामा, स्वेच्छानिवृत्ती, ‘वैद्यकीयदृष्ट्या अपात्र म्हणून सेवामुक्त करावे’ अशा कुठल्याही कागदावर सही करू नका. आजारपणात, पैशाच्या गरजेत, कुणीतरी ‘साहेबांनी सांगितलंय’ म्हणून असा कागद पुढे करतं. स्वतःहून सही केली की पुढची लढाई फार अवघड होते.
- वैद्यकीय मंडळाचा अहवाल आला की त्याच्या प्रतीसह पर्यायी पदासाठी अर्ज द्या आणि त्यात कलम २०(४) लिहा.
- मधल्या काळातली रजा बिनपगारी लावली असेल तर त्याबद्दलही लेखी हरकत घ्या.

खासगी नोकरीत कलम २०(४)चं हे संरक्षण मिळत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. तिथे जोर लावायचा तो कंपनीच्या स्वतःच्या समान संधी धोरणावर, वाजवी सोयीच्या अर्जावर आणि कामगार संघटना असेल तर तिच्यावर. कामावर अपघात झाला असेल तर अपघाताची नोंद त्याच दिवशी होते आहे ना, हे घरच्यांनी बघावं. ईएसआय लागू असेल तर कायमच्या अपंगत्वासाठी दरमहा लाभ मिळतो, नसेल तर मालकाकडून नुकसानभरपाई. दोन्हींसाठी मूळ कागद अपघाताची नोंद हाच आहे. ‘घरी पडला असं लिहू, दवाखान्याचा खर्च कंपनी करेल’ या आमिषाला बळी पडू नका.

तक्रार करायची वेळ आली तर

तक्रारीच्या पायऱ्या अशा आहेत :

१. आस्थापनेचे प्रमुख. भेदभावाची लेखी तक्रार मिळाल्यावर त्यांनी कारवाई करायची, किंवा आपलं म्हणणं कारणांसह लेखी कळवायचं, असं केंद्राचे नियम सांगतात. सरकारी कार्यालयात तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो. त्याने तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. नेमलेला नसेल तर तो कोण आहे, हे माहिती अधिकारात विचारा. पुष्कळ ठिकाणी तो अर्ज गेल्यावरच नेमला जातो.
२. जिल्हास्तरीय समिती. सरकारी कार्यालयातल्या चौकशीने समाधान झालं नाही तर इथे जाता येतं. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा.
३. राज्य आयुक्त. महाराष्ट्रात दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्याला आहे. केंद्र सरकारचं कार्यालय, राष्ट्रीयीकृत बँक, रेल्वे यांच्याविरुद्ध असेल तर दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांची शिफारस मान्य नसेल तर संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत कारण कळवावं लागतं.
४. उच्च न्यायालय. सरकारी नोकरीतला गंभीर प्रश्न असेल तर. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, दिव्यांग व्यक्तींना तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते.

तुमच्या व्यंगावरून चारचौघांत मुद्दाम अपमान केला, धमकावलं, तर तो फौजदारी गुन्हा आहे. कलम ९२ खाली सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. ‘गंमत केली’ ही सबब सांगितली जाते. त्यामुळे तारीख, वेळ, नेमके शब्द आणि तिथे कोण कोण होतं, हे त्याच संध्याकाळी लिहून ठेवा.

लढण्याआधी सोबत शोधा. पुण्याची पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन, मुंबईत वरळीची राष्ट्रीय अंध संघटना, वांद्र्याची अली यावर जंग वाक् व श्रवण संस्था, कोल्हापूरची नसीमा हुरजूक यांनी उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड, अशा संस्थांमध्ये तुमच्यासारखे प्रश्न सोडवलेली माणसं भेटतात. माणूस शोधणाऱ्या मालकांनीही इथेच विचारावं. मुंबईत केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे, तिथे उमेदवारांची नोंदणी आणि प्रशिक्षण होतं. जाताना प्रमाणपत्र, शिक्षणाचे दाखले आणि आजवर दिलेल्या सगळ्या अर्जांच्या पोचपावत्या तारखेप्रमाणे लावून न्या.